दोन प्रतिमांची जुळणी : रेंजफाइंडर कॅमेरा आणि त्याच्या निगेचा इतिहास

दूरच्या वस्तूचे अंतर तिच्यापर्यंत न जाता मोजण्याची रीत भूमापनशास्त्रात फार जुनी आहे. ज्ञात लांबीच्या आधाररेषेच्या दोन टोकांवरून एकाच वस्तूकडे पाहिले असता दोन दृष्टिरेषांमध्ये जो कोन होतो, त्यावरून वस्तूचे अंतर काढता येते. वस्तू जितकी दूर, तितका हा कोन लहान. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन ब्रिटिश प्राध्यापकांनी १८८८ च्या सुमारास याच तत्त्वावर सैन्यासाठी अंतरमापक यंत्र रचले, आणि पुढे ग्लासगो येथील त्यांच्या कारखान्यातून निघालेली लांबलचक नळ्यांची यंत्रे तोफखान्यात आणि युद्धनौकांवर वापरात आली. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ज्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात, तो या तोफखान्याच्या यंत्राचा हातात मावणारा वंशज होय. त्याच्या माथ्यावर काही सेंटिमीटर अंतराने दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून येणारी प्रतिमा डोळ्याला अर्धपारदर्शक आरशातून सरळ दिसते, दुसरीतून येणारी प्रतिमा फिरत्या लोलकावरून वळून त्याच आरशावर येते, आणि भिंगाचे कडे फिरवत या दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसवल्या की भिंग त्या वस्तूवर केंद्रित झाले असे मानायचे.

या व्याख्येतला ‘असे मानायचे’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केलेला आहे. एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याला सर्वत्र एसएलआर म्हणतात त्यात, जे भिंग फिल्मवर प्रतिमा पाडते त्याच भिंगातून छायाचित्रकार पाहतो, त्यामुळे प्रतिमा अस्पष्ट असेल तर ती बहुधा डोळ्यालाही तशीच दिसते. रेंजफाइंडरमध्ये डोळ्याचा मार्ग वेगळा आणि फिल्मचा मार्ग वेगळा. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे भिंगाच्या मागच्या कडेला टेकलेला धातूचा एक छोटा दांडा. तो दांडा केसभर वाकला, त्याचा स्क्रू सैल झाला किंवा भिंग आणि फिल्म यांतले अंतर किंचित बदलले, तर खिडकीतल्या दोन प्रतिमा तितक्याच सुबकपणे जुळतात, परंतु चित्र अस्पष्ट येते, आणि तेही रोल धुऊन झाल्यावरच कळते. हा कॅमेरा कारखान्यातून बाहेर पडताना ‘तयार’ झालेला नसतो. त्याची जुळणी ही कायमची केलेली गोष्ट नसून पुन्हा पुन्हा करावी लागणारी गोष्ट आहे. त्याचा इतिहास सामान्यतः शोधांचा आणि थोर छायाचित्रकारांचा म्हणून लिहिला जातो. निगेचा इतिहास म्हणून तो वाचला तर चित्र बरेच वेगळे दिसते.

भिंगाशी यांत्रिकपणे जोडलेला रेंजफाइंडर प्रथम आला तो अमेरिकेत, ईस्टमन कोडॅक कंपनीच्या १९१६ च्या ‘३ए ऑटोग्राफिक स्पेशल’ या मोठ्या घडीच्या कॅमेऱ्यात. परंतु या जातीला तिचे परिचित रूप दिले ते जर्मनीतील वेट्झलार या गावातील एर्न्स्ट लाइट्स यांच्या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्याने. तेथील ओस्कार बार्नाक या यंत्रज्ञाने १९१४ च्या आगेमागे सिनेमाची ३५ मिमी रुंद फिल्म आडवी धावेल असा एक छोटा कॅमेरा स्वतःच्या वापरासाठी तयार केला आणि सिनेमाच्या दोन चौकटी एकत्र करून २४ × ३६ मिमी हे चौकटीचे माप धरले, जे आजतागायत टिकून आहे. १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत ‘लायका’ या नावाने तो बाजारात आला, तेव्हा त्यात रेंजफाइंडर नव्हता. अंतर डोळ्याने अदमासावे, नाही तर वरच्या पट्टीवर खोचण्याच्या एका उभ्या, सुट्या अंतरमापकाने मोजावे, त्याच्या चकतीवरचा आकडा वाचावा आणि तो भिंगाच्या कड्यावर स्वतः लावावा, अशी ती तीन टप्प्यांची रीत होती. ती संथ होती खरी, परंतु तिच्यात एक सोय होती : अंतरमापक बिघडला तर कॅमेऱ्याला हात लावावा लागत नसे.

१९३० मध्ये भिंग काढून दुसरे बसवता येईल असे ३९ मिमी व्यासाच्या आट्यांचे तोंड लायकाला मिळाले, आणि येथून या कथेतला सर्वांत बोधक प्रसंग सुरू होतो. पहिल्या वर्षभरात निघालेल्या या कॅमेऱ्यांत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक नगात थोडे वेगळे असे, त्यामुळे प्रत्येक भिंग त्या-त्या कॅमेऱ्याला कारखान्यात बसवून, घासूनपुसून जुळवावे लागे, आणि कोणते भिंग कोणत्या कॅमेऱ्याचे हे चुकू नये म्हणून कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे शेवटचे अंक भिंगावर कोरले जात. मालकाला आणखी एक भिंग हवे असेल तर कॅमेरा वेट्झलारला पाठवण्यावाचून इलाज नव्हता. १९३१ मध्ये हे अंतर २८.८ मिमी असे सर्व नगांसाठी निश्चित करण्यात आले आणि ज्या कॅमेऱ्यांत ते पाळले गेले त्यांच्या बैठकीवर एक लहानसे शून्य कोरण्यात आले. जुन्या लायकावर ते शून्य आहे की नाही हे दुरुस्ती करणारा आजही आधी पाहतो, कारण नसेल तर दुसऱ्या कुठल्या भिंगाने त्यावर नीट काम होईल अशी अपेक्षाच करता येत नाही. एका माणसाच्या हाताने जमवलेली जुळणी आणि आकड्याने बांधलेली जुळणी यांतला फरक त्या एका शून्यात सामावलेला आहे.

हा आकडा निश्चित झाला नसता तर पुढच्या वर्षी आलेला जोडलेला रेंजफाइंडर अशक्यच होता. १९३२ च्या ‘लायका २’ मध्ये अंतरमापक कॅमेऱ्याच्या माथ्याच्या आत गेला आणि भिंगाच्या मागच्या कड्याला टेकलेल्या दांड्यातून लोलकाला हलवू लागला. यातली मापे किती बारीक आहेत हे साध्या गणिताने कळते. या कॅमेऱ्यांत दोन खिडक्यांमधली आधाररेषा सुमारे ३९ मिमी आहे. दहा मीटरवरची वस्तू आणि क्षितिजावरची वस्तू यांच्याकडे पाहताना दृष्टिरेषेत पडणारा फरक अंशाच्या पाव भागाहूनही कमी भरतो, आणि परावर्तनाच्या नियमामुळे लोलकाला त्याच्याही निम्मेच फिरावे लागते. तेवढ्याच पल्ल्यात ५० मिमीचे भिंग पुढे सरकते ते जेमतेम पाव मिलिमीटर. भिंग लांब पल्ल्याचे असो वा रुंद दृष्टीचे, दांड्याला मात्र ते ५१.६ मिमीचेच आहे असे वाटावे, अशा बेताने प्रत्येक भिंगाच्या आतला उतार कातलेला असतो, कारण लायकाच्या नेहमीच्या ‘एल्मार’ भिंगाची प्रत्यक्ष लांबी तेवढी होती. इतक्या नाजूक साखळीत कुठेही धूळ, गंज वा वाळलेले वंगण आले की प्रतिमा आणि वास्तव यांची फारकत होणार हे उघडच आहे.

लाइट्स कंपनीने या परिस्थितीला जे उत्तर दिले ते आजच्या व्यापारी व्यवहारात फार अपूर्वाईचे वाटेल. रेंजफाइंडर नसलेला पहिला लायका कारखान्यात परत पाठवल्यास तो पैसे आकारून ‘लायका २’ मध्ये, किंवा १९३३ नंतर एक सेकंदापर्यंतचे मंद वेग असलेल्या ‘लायका ३’ मध्ये रूपांतरित करून दिला जाई, आणि त्याचा मूळ क्रमांक तसाच ठेवला जाई. त्यामुळे क्रमांकावरून पाहिले तर १९२० च्या दशकातला आणि अंगाने पाहिले तर १९३० च्या दशकातला असे अनेक कॅमेरे आढळतात. संग्राहक अशा कॅमेऱ्यांना अस्सलतेत कमी लेखतात. पण ज्या कारखान्याने ते बनवले त्याची स्वतःची समजूत याच्या उलट होती, आणि ती अधिक प्रामाणिक होती असेच म्हणावे लागेल.

लायकाचा प्रतिस्पर्धी ड्रेस्डेन येथे तयार झाला. झाइस इकॉन कंपनीचा ‘कॉन्टॅक्स’ १९३२ मध्ये आणि त्याची बरीच सुधारलेली दुसरी आवृत्ती १९३६ मध्ये आली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती लायकाच्या पुढे होती : आधाररेषा सुमारे ९० मिमी, फिरत्या परावर्तक लोलकाऐवजी धक्क्याने सहजी न बिघडणारे काचेचे पाचरीच्या आकाराचे लोलक, चित्राची चौकट आणि अंतरमापक एकाच खिडकीत, आणि सेकंदाच्या १/१२५० भागापर्यंत जाणारे शटर. शटर म्हणजे ठरलेल्या क्षणापुरता फिल्मवर प्रकाश पडू देणारी झडप. लायकात ती रबर लावलेल्या कापडाच्या, आडव्या धावणाऱ्या दोन पडद्यांची असे, तर कॉन्टॅक्समध्ये पितळी पट्ट्यांची, दुकानाच्या शटरसारखी वरून खाली गुंडाळणारी. या पट्ट्यांना ओढणाऱ्या रेशमी फिती हे मात्र त्या यंत्राचे मर्मस्थान ठरले. वर्षानुवर्षांच्या ताणाने त्या झिजत आणि तुटत, आणि बदलायच्या म्हटल्या की जवळजवळ सगळा कॅमेरा उलगडावा लागे. दांडग्या कारागिरीचा ज्यांना अभिमान होता त्यांनी आपल्या यंत्राचा सगळा भार रेशमाच्या दोन फितींवर टाकावा, हा विरोधाभास पुढच्या कारागिरांच्या नजरेतून सुटला नाही. मापकाची दुसरी खिडकी इतकी कडेला होती की उजव्या हाताची बोटे नेहमीच्या ढबीने ठेवली तर ती झाकली जाई. ज्यांनी हा कॅमेरा बाळगला त्यांना बोटे दुमडून धरण्याची एक वेगळी सवय लावून घ्यावी लागली. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले ते हेच कॅमेरे घेऊन.

कॉन्टॅक्सचे पुढचे आयुष्य युद्धाने ठरवले. जर्मनीच्या पराभवानंतर त्याची यंत्रसामग्री आणि सुटे भाग युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघाने नेले, आणि कीव्ह येथील आर्सेनल कारखान्यात १९४७ च्या सुमारास त्यांपासून ‘कीव्ह’ या नावाचे कॅमेरे तयार होऊ लागले. पहिल्या नगांत जर्मन भाग सर्रास आढळतात, आणि मूळ आराखड्यात किरकोळच फेरफार होत हे उत्पादन १९८० च्या दशकापर्यंत चालले. लायकाची सोव्हिएत कथा त्याहून जुनी आणि अधिक विलक्षण आहे. खारकीव्हजवळ निराधार आणि भटक्या मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ अन्तोन माकारेन्को यांच्या देखरेखीखाली एक श्रमवसाहत चालत असे. तिथली मुले आधी विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे बनवीत, आणि १९३४ पासून त्यांच्याच हातून लायकाची नक्कल कारखानी प्रमाणात तयार होऊ लागली. फेलिक्स एद्मुंदोविच झेर्झिन्स्की या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘फेड’ हे नाव मिळाले. या मुलांनी कॅमेऱ्याचा आकार, आट्यांचा व्यास आणि पडद्यांची रचना अचूक उचलली, परंतु २८.८ चा आकडा सुरुवातीच्या वर्षांत सर्व नगांत पाळला गेला नाही. युद्धापूर्वीच्या फेडचे भिंग दुसऱ्या फेडवर लावले तरी चित्र स्पष्ट येईलच असे नसते. नक्कल करणाऱ्याला डोळ्याला दिसणारे सगळे घेता येते, न दिसणारा करार मात्र निसटतो. वेट्झलारने एका वर्षात मागे टाकलेली अडचण खारकीव्हला पुन्हा सोसावी लागली ती यामुळेच.

जपानमध्ये हाच पेच जरा वेगळ्या रूपाने आला. १९३० च्या दशकाच्या मध्यात निघालेल्या पहिल्या कॅननवर निप्पोन कोगाकू कंपनीची भिंगे असत. तीच कंपनी १९४८ पासून स्वतःचा ‘निकॉन’ घेऊन आली आणि तिने भिंगाचे तोंड कॉन्टॅक्सचे तर कापडी शटर लायकाच्या वळणाचे, असा संकर साधला. पण कॉन्टॅक्सने मूळ धरलेली भिंगाची लांबी आणि निकॉनने धरलेली लांबी यांत थोडा फरक राहिला, आणि म्हणून एकाचे भिंग दुसऱ्यावर आवाज न करता बसते, रुंद दृष्टीचे असेल तर चालूनही जाते, परंतु लांब पल्ल्याचे असेल तर हमखास चुकते. सोव्हिएत संघात झाइसच्या आराखड्यांवरून बनलेली आणि लायकाच्या आट्या दिलेली ‘ज्युपिटर’ मालिकेची भिंगे याच कारणाने खऱ्या लायकावर कुरबुर करतात. जुना कॅमेरा आणि जुने भिंग वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊन एकत्र आणणाऱ्या आजच्या मालकाला जो पहिला धडा मिळतो तो बहुधा हाच, की आट्या बसल्या म्हणजे भिंग जुळले असे नव्हे.

१९५४ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात लाइट्सने ‘एम३’ सादर केला, तेव्हा या सर्व अनुभवाचे सार त्यात उतरलेले होते. आधाररेषा वाढून सुमारे ६९ मिमी झाली, खिडकीतली प्रतिमा जवळजवळ प्रत्यक्षाएवढी दिसू लागली, आणि आट्यांऐवजी एका वळणात अडकणारे तोंड आले. बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर मात्र २८.८ वरून २७.८ मिमी करण्यात आले. हा एक मिलिमीटर विचारपूर्वक सोडलेला होता : तेवढ्याच जाडीचे एक कडे मध्ये घातले की जुने आट्यांचे भिंग नव्या कॅमेऱ्यावर आपल्या नेमक्या जागी येते आणि रेंजफाइंडरशी बिनचूक बोलते. वीस-बावीस वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूंच्या मालकांना इतक्या सूक्ष्मपणे सांभाळून घेणारे उदाहरण यंत्रांच्या इतिहासात सहसा आढळत नाही. तरीही एम३ मध्ये स्वतःचे एक मर्मस्थान होतेच. त्याच्या खिडकीतला मुख्य लोलक दोन तुकड्यांचा असून ते कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक डिंकाने चिकटवलेले आहेत. दशके उलटल्यावर डिंक कोरडा पडतो, आणि मग एखादा ठोसा बसला की सांधा सुटून दुसरी प्रतिमा अंधूक होते किंवा पार नाहीशी होते.

या काळातच रेंजफाइंडरचा वापर जगभर पसरलेला होता. जानेवारी १९४८ च्या अखेरीस दिल्लीत गांधीजींची त्यांच्या हत्येच्या थोडेच आधी भेट घेणारे आणि नंतर शोकाकुल शहराची छायाचित्रे टिपणारे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे लायका वापरीत, आणि आरसा उचलण्याचा आवाज नसलेल्या या कॅमेऱ्याची शांतता गर्दीत व घरातल्या दुःखात शिरताना उपयोगी पडे. पण १९५९ मध्ये निकॉनने आपल्याच ‘एसपी’ या रेंजफाइंडरच्या सांगाड्यात आरसा आणि पंचकोनी लोलक घालून ‘निकॉन एफ’ काढला आणि व्यावसायिकांचा ओघ काही वर्षांतच एसएलआरकडे वळला. लाइट्सने १९७१ चा ‘एम५’ फारसा न खपल्यावर ही जातच बंद करण्याच्या बेतात आणली होती. कॅनडातील मिडलँड येथील तिच्या शाखेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘एम४-२’ बनवायला घेतला म्हणून धागा तुटला नाही. इतर बहुतेक कंपन्यांनी या कॅमेऱ्यांचे सुटे भाग ठेवणे हळूहळू सोडून दिले. जुळणीची जबाबदारी कारखान्याकडून गल्लीतल्या कारागिराकडे गेली ती या टप्प्यावर.

या कारागिरांच्या धंद्यात ‘सीएलए’ ही तीन अक्षरे सतत ऐकू येतात. सफाई, वंगण आणि जुळणी या तीन कामांच्या इंग्रजी नावांची ती आद्याक्षरे आहेत. त्यातले पहिले काम मुख्यतः जुने वंगण काढण्याचे असते. घड्याळासारख्या दातेरी चाकांवर मंद वेग चालतात, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात तेल घट्ट होऊन एक सेकंदाचे शटर दोन सेकंद घेते किंवा मध्येच अडकते; त्यावर वरून तेलाचा थेंब सोडणे हा उपाय नसून घात आहे, कारण ते तेल पसरत पडद्यांवर आणि पट्ट्यांवर जाते. पडद्यांचे आयुष्य वेगळ्याच गोष्टीने संपते. या जातीत भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसल्यामुळे, अनंतावर लावलेले भिंग उघड्यावर सूर्याकडे तोंड करून ठेवले तर ते काडेपेटीचे काम करणाऱ्या भिंगासारखे वागते आणि कापडाला टाचणीएवढे भोक पाडते. त्या भोकातून प्रत्येक चौकटीवर एकाच जागी पांढरा ठिपका उमटतो. कॅननने पोलादी आणि निकॉनने टायटॅनियमचे पातळ पडदे वापरून हा धोका टाळला, पण कॅननच्या पडद्यांना रोल भरताना बोटांचा धक्का लागून सुरकुत्या पडल्या. भिंग काढून, पाठ उघडत असेल तर ती उघडून, अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर पडदा धरला की भोके दिसतात. लहान असतील तर काळ्या लवचीक रंगाने ती बुजवता येतात, मात्र रंग जाड झाला तर पडद्याची गती बदलते. दोन पडदे सारख्या वेगाने धावतात की नाही हे पाहायला जुने मेकॅनिक नळीच्या टीव्हीचा पडदा वापरीत : त्यावरची प्रतिमा रेषारेषांनी वरून खाली रंगवली जाते, त्यामुळे आडव्या धावणाऱ्या पडद्यांतून ती तिरप्या पट्टीसारखी दिसते आणि त्या पट्टीची रुंदी कुठे कमी-जास्त होते त्यावरून दोष कळतो. सपाट पडद्यांच्या टीव्हींनी ही फुकटची प्रयोगशाळा हिरावून घेतली.

भिंगांचे शत्रू निराळे आहेत. लाइट्सच्या १९३० च्या दशकातल्या ‘समार’ भिंगाची पुढची काच इतकी मऊ होती की धूळ न झटकता रुमालाने पुसण्याच्या सवयीने तिच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे पडले, आणि आज त्यातून येणाऱ्या चित्रांचा जो धूसर गोडवा वाखाणला जातो तो पुष्कळदा भिंगाच्या रचनेचा नसून पुसण्याचा असतो. आतल्या वंगणाची वाफ काचांवर बसून धुकट थर येतो. तो वेळीच पुसला तर निघतो. बुरशी मात्र मुळे धरते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता सतत इतकी चढी असते की चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या भिंगाला एका पावसाळ्यात फंगस लागू शकते, कारण चामडे स्वतःच ओल धरते आणि सोडत नाही. हिचे धागे काचेवरच्या पातळ लेपाला, पुढे खुद्द काचेलाही खातात, आणि नंतर बुरशी पुसली तरी खुणा राहतात. कपाटात झीरोचा दिवा लावून ठेवण्याची जी घरगुती युक्ती आपल्याकडे अनेकांनी वापरली तिला शास्त्राचा आधार आहे : आतली हवा बाहेरच्याहून किंचित उबदार राहिली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅमेरा वापरात ठेवणे, कारण उजेड, वारा आणि हालचाल बुरशीला मानवत नाहीत.

रोल भरण्याच्या बाबतीतही ज्याच्या-त्याच्या कॅमेऱ्याच्या खोडी माहीत असाव्या लागतात. आट्यांच्या लायकाला तळ काढून खालून फिल्म सरकवावी लागते आणि त्यासाठी तिचे सुरुवातीचे टोक सुमारे दहा सेंटिमीटर लांब जिभेसारखे कापावे लागते. हल्लीच्या फिल्मची आखूड जीभ तशीच घातली तर कडेच्या छिद्रांचा तुकडा निघून शटरच्या आत जाऊन बसतो. ‘झोर्की-४’ सारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांत शटर चढवण्याआधी वेगाची चकती फिरवू नये असा कडक नियम आहे, कारण तसे केल्याने आतली यंत्रणा जायबंदी होऊ शकते. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या जपानी घरगुती रेंजफाइंडरांचे दुखणे विजेचे आहे. त्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटऱ्यांवर चालत, आणि पाऱ्याच्या विषारीपणामुळे त्या बंद झाल्यावर जास्त दाबाची बॅटरी घातली की मापन चुकते; कर्णयंत्रांसाठी मिळणाऱ्या जस्त-हवा बॅटऱ्यांचा दाब जुन्या आकड्याच्या जवळ असल्याने कित्येक मालक त्यांवर भागवतात. १९६६ च्या ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ च्या आत रबराची एक छोटी गादी आहे; ती कुजली की फिल्म पुढे ओढताना येणारा विशिष्ट ‘टक्’ आवाज बंद होतो आणि शटरचे वेग बेभरवशाचे होतात. सगळा कॅमेरा धातूचा, आणि त्याचे नशीब रबराच्या एका गादीवर.

जुना रेंजफाइंडर विकत घेणाऱ्याला आणखी एका गोष्टीचे भान लागते, ते नकलांचे. फेड आणि झोर्की यांवरचे मूळ कोरीवकाम घासून त्यावर लायकाचे नाव, कधी जर्मन सैन्याची चिन्हे, कधी सोन्याचा मुलामा देऊन विकण्याचा उद्योग दीर्घकाळ चालत आला आहे. बाहेरची अक्षरे कितीही सफाईने कोरली तरी भिंग काढून आत पाहिले की खोटेपणा उघडा पडतो, कारण लायकाच्या दांड्याच्या टोकाला गोल चाक असते तर सोव्हिएत नगांत सहसा माशाच्या आकाराचे निमुळते टोक. खऱ्याखोट्याची पारख इथेही शेवटी त्याच दांड्यावर येऊन थांबते.

प्रत्यक्ष जुळणीचे काम ठरलेल्या क्रमानेच करावे लागते. आधी भिंगाची बैठक आणि फिल्मचे प्रतल यांतले अंतर तपासायचे : फिल्म ज्या रुळांवर टेकते त्यांवर दुधी काच ठेवून, शटर उघडे धरून, किलोमीटरभर दूरच्या मनोऱ्याची प्रतिमा भिंग अनंतावर असताना तीक्ष्ण येते का ते पाहायचे. एफ/२ एवढे भिंग उघडले असता सहा शतांश मिलिमीटरच्या आगेमागे फरक पडला तरी तो मोठ्या छपाईत दिसतो, त्यामुळे बैठकीखाली घालण्याच्या कागदासारख्या पातळ चकत्यांना या धंद्यात मोल आहे. आट्यांच्या लायकाची पाठ उघडतच नसल्याने त्याचे सगळे कवच काढावे लागते. १९५५ च्या ‘फेड-२’ सारख्या, पाठ सुटी होणाऱ्या आणि ६७ मिमीची लांब आधाररेषा असलेल्या स्वस्त कॅमेऱ्यावर शिकाऊ हात बसवतात ते यासाठीच. त्यानंतर तोच मनोरा रेंजफाइंडरच्या खिडकीत एकावर एक आणायचा, मग मीटरभर अंतरावरची वस्तू आणायची. या दोन्ही अंतरांचे स्क्रू वेगवेगळे असून एकाने दुसऱ्याची जुळणी बिघडत असल्यामुळे हे दोन्ही आळीपाळीने, दोन्हीकडे समाधान होईपर्यंत करत राहायचे. उभ्या दिशेचा फरक सर्वांत शेवटी घ्यायचा. तो अंतराच्या मापनात चूक करत नाही, पण डोळ्याला शिणवतो.

अर्धपारदर्शक आरशावरचा चांदीचा किंवा सोन्याचा थर दशकांनंतर उडतो आणि दुसरी प्रतिमा दिसेनाशी होते, तेव्हा नवा आरसा कापून बसवण्यावाचून गत्यंतर नसते. असा आरसा बहुधा दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचे पोट उघडून मिळवला जातो, किंवा चांदी चढवलेल्या पातळ काचेतून हिऱ्याच्या टोकाने कापला जातो. त्याची जाडी मूळच्या आरशाइतकी तंतोतंत नसते, आणि डिंकावर तो मूळच्याच कोनात बसेल असेही नसते. म्हणून डिंक वाळल्यावर कारागीर पहिल्या खिडकीच्या कडेचे झाकण काढतो, आतला स्क्रू केसभर फिरवतो आणि दूरच्या मनोऱ्याकडे पुन्हा पहिल्यापासून पाहू लागतो.